अमेरिकेच्या जनगणनेत नागरिकत्व विचारण्याला एवढा विरोध का? मोजणी नेमकी कुठे बिघडते?

मीनल_द

२०२० च्या अमेरिकन जनगणनेच्या फॉर्मवर नागरिकत्वाचा प्रश्न घालावा की नाही, यावरून प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आता २०३० च्या तयारीत तोच वाद पुन्हा डोकं वर काढतोय. बातम्या वाचल्या की दोन्ही बाजूंचा आरडाओरडा कळतो, मुद्दा कळत नाही. जाणकारांनी कृपया एवढं सांगावं:

१. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया जनगणनेत नागरिकत्व विचारतात. संयुक्त राष्ट्रांच्या जनगणनेसंबंधीच्या शिफारशींतही तो विषय आहे. मग अमेरिकेतच एवढा गदारोळ का?

२. 'लोक घाबरून फॉर्म भरणार नाहीत' हे मोघम उत्तर झालं. भरला नाही तर प्रगणक घरी येतोच ना? मग माणूस सुटतो तो नेमका कुठल्या टप्प्यावर?

३. नागरिक नसलेल्यांना संसदेच्या जागावाटपातून वगळता येतं का?

---

आकडेमोड

आधी एक गल्लत दूर करू. अमेरिकेत नागरिकत्वाची माहिती सरकारला मिळत नाही असं अजिबात नाही. १८२० आणि १८३० च्या जनगणनेत 'नागरिकत्व न घेतलेले परदेशी' असा रकाना होता. १८९० ते १९५० पर्यंत हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात विचारला जात होता. १९७० ते २००० मध्ये तो फक्त नमुन्यात आलेल्या घरांच्या लांब फॉर्मवर राहिला. २००० साली साधारण सहातल्या एका घराला तो फॉर्म गेला. २००५ पासून अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे नावाची पाहणी वर्षभर चालू असते. ती आता दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जाते आणि तिच्यात हा प्रश्न आहेच. म्हणजे वाद 'विचारावं की नाही' असा नाही. ज्या फॉर्मवरून प्रत्येक माणूस मोजला जातो त्याच फॉर्मवर विचारावं का, हा वाद आहे.

त्या फॉर्मला एवढं महत्त्व का, ते जागावाटपाच्या गणितात दिसतं. प्रतिनिधिगृहात, म्हणजे अमेरिकन संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, ४३५ जागा. प्रत्येक राज्याला एक जागा मिळतेच, उरलेल्या ३८५ जागा प्राधान्यांकानुसार एकेक करून वाटतात. एखाद्या राज्याच्या n व्या जागेचा प्राधान्यांक म्हणजे लोकसंख्या भागिले n × (n − १) चं वर्गमूळ. २०२० चे आकडे घालून बघा.

मिनेसोटा, आठवी जागा: ५७,०९,७५२ भागिले ५६ चं वर्गमूळ = सुमारे ७,६२,९९८.

न्यूयॉर्क, सत्ताविसावी जागा: २,०२,१५,७५१ भागिले ७०२ चं वर्गमूळ = सुमारे ७,६२,९९४.

४३५ वी जागा मिनेसोटाला गेली आणि न्यूयॉर्क २६ वर थांबलं. बाकी सगळं तसंच राहून न्यूयॉर्कमध्ये आणखी ८९ माणसं मोजली गेली असती तर ती जागा न्यूयॉर्कची होती. दोन कोटींच्या राज्यात ८९! एका मोठ्या इमारतीत यापेक्षा जास्त लोक राहतात. म्हणून 'प्रतिसाद थोडासाच घटेल' असं कुणी म्हणालं की मी तरी निश्चिंत होत नाही.

आणि एकदा चुकलं की दुरुस्ती नाही. जागावाटपासाठी नमुना पद्धतीने सुधारलेले आकडे वापरता येणार नाहीत, असा निकाल १९९९ मध्येच लागला आहे. जनगणनेनंतर जनगणना ब्यूरो स्वतः पडताळणी पाहणी करतं. २०२० च्या पडताळणीत फ्लोरिडाची मोजणी ३.४८ टक्क्यांनी आणि टेक्सासची १.९२ टक्क्यांनी कमी भरली, मिनेसोटाची ३.८४ टक्क्यांनी जास्त. हे अधिकृतपणे जाहीर झालं, पण जागा हलल्या नाहीत. कमी मोजणीचा फटका रिपब्लिकनांकडे झुकणाऱ्या टेक्सास-फ्लोरिडालाही बसतो हे बघितलं तर याला केवळ एका पक्षाची ओरड म्हणता येत नाही.

---

कलम_चौदा

न्यायालयीन भाग मी घेतो, कारण निकालाबद्दल दोन्ही बाजूंना अर्धवट सांगितलं जातं.

१२ डिसेंबर २०१७ ला न्याय खात्याने जनगणना ब्यूरोला पत्र लिहिलं: १९६५ च्या मताधिकार कायद्याच्या कलम २ ची (मतदानात वांशिक भेदभावाला मनाई करणाऱ्या) अंमलबजावणी करायला ब्लॉक पातळीवर, म्हणजे जनगणनेच्या सर्वांत लहान भूभागापर्यंत, मतदानाच्या वयाच्या नागरिकांचे आकडे हवेत, म्हणून प्रश्न घाला. २६ मार्च २०१८ ला वाणिज्य मंत्री विल्बर रॉस यांनी तो घालायचं ठरवलं. ब्यूरोचे मुख्य शास्त्रज्ञ जॉन अबाउड यांनी जानेवारीतच लेखी सल्ला दिला होता की हेच आकडे प्रशासकीय नोंदींतून, म्हणजे सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन योजना) वगैरेंच्या माहितीतून, कमी खर्चात आणि जास्त अचूक मिळतील. त्या टिपणातली एक गोष्ट फारशी चर्चेत येत नाही. सरकारी नोंदींनुसार जे नागरिक नाहीत, त्यांच्यापैकी जवळजवळ एक तृतीयांश लोक पाहणीत 'नागरिक' अशीच खूण करतात. म्हणजे प्रश्न छापून मिळणारा आकडा मुळात कच्चा.

न्याय खात्याच्या कारणातली मेख अशी की मताधिकार कायदा आला १९६५ मध्ये आणि सरसकट जनगणनेत हा प्रश्न शेवटचा आला १९५० मध्ये. त्या कायद्याची आजवरची सगळी अंमलबजावणी नमुना पाहणीच्या आकड्यांवरच झाली आहे. शिवाय २०२० मध्ये गोपनीयतेसाठी ब्लॉक पातळीच्या आकड्यांत मुद्दाम गणिती 'गोंगाट', म्हणजे छोटे यादृच्छिक फेरफार, मिसळला गेला. मग ब्लॉकनिहाय अचूकतेसाठी प्रश्न हवा, या म्हणण्यात काय राहिलं?

२७ जून २०१९ चा निकाल मुख्य न्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिला. त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच वाचायला हव्यात. एक, राज्यघटना जनगणनेत नागरिकत्व विचारायला मनाई करत नाही. दोन, ब्यूरोच्या तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवून धोका पत्करणं हे मंत्र्याच्या अधिकारात बसतं. तीन, पण सांगितलेलं कारण खरं नव्हतं. कागदपत्रांवरून दिसत होतं की रॉस यांनी प्रश्न घालायचं आधीच ठरवलं होतं आणि न्याय खात्याकडून विनंती मागवून घेतली. बनवलेलं कारण प्रशासकीय कायद्यात चालत नाही, म्हणून प्रकरण परत पाठवलं. तोवर छपाईची मुदत आली होती आणि फॉर्म प्रश्नाविना छापले गेले.

तेव्हा 'न्यायालयाने प्रश्न घटनाबाह्य ठरवला' हे चूक, आणि 'न्यायालयाने परवानगी दिली होती' हेही चूक. खरं आणि पटणारं कारण देऊन कुणी पुन्हा आलं तर हा निकाल त्याला अडवणार नाही.

---

निरंजन_प

दोघांचेही प्रतिसाद माहितीपूर्ण, पण दुसऱ्या बाजूचा सर्वांत जड पुरावा राहून गेला. ब्यूरोने २०१९ च्या उन्हाळ्यात सुमारे ४,८०,००० घरांवर चाचणी घेतली. निम्म्यांना प्रश्नासह फॉर्म, निम्म्यांना प्रश्नाविना. आपणहून फॉर्म भरण्याचं प्रमाण प्रश्नासह ५१.५ टक्के, प्रश्नाविना ५२.० टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय नव्हता. आधी जे ५.१ आणि मग ५.८ टक्क्यांचे अंदाज न्यायालयात फिरत होते, ते नागरिक नसलेली व्यक्ती असू शकेल अशा घरांपुरते होते, आणि तेही जुन्या पाहण्यांच्या तुलनेवरून काढलेले. प्रत्यक्ष प्रयोगात एकूण परिणाम दिसला नाही, आणि घरोघरी जाणाऱ्या प्रगणकांची ठरलेली संख्या पुरली असती असंही ब्यूरोनेच म्हटलं.

दुसरं, कॅनडातही संसदेच्या जागा एकूण लोकसंख्येवर ठरतात. तिथे नागरिकत्व विचारलं म्हणून आभाळ कोसळलेलं नाही. देशात किती नागरिक आहेत हे देशाने मोजू नये, हे मला तत्त्व म्हणून पटत नाही.

---

आकडेमोड

निरंजन, चाचणीचा मुद्दा रास्त आहे आणि तो टाळायचा नाही. पण तोच अहवाल पुढे वाचा. एकूण फरक नगण्य असला तरी जिथे नागरिक नसलेल्यांचं प्रमाण ४.९ टक्क्यांहून जास्त होतं, आणि जिथे हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक, लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांची) वस्ती ४९.१ टक्क्यांहून जास्त होती, अशा भागांत प्रश्नासह फॉर्मला प्रतिसाद लक्षणीयरीत्या कमी आला. सगळीकडे सारखी घट झाली असती तर जागावाटप फारसं हललं नसतं. घट एकाच प्रकारच्या वस्तीत गोळा होते, तेव्हाच ते हलतं.

आणि आता मीनल यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण खरी गोम तिथेच आहे. त्या चाचणीत फॉर्म आला की नाही एवढंच मोजलं. आलेल्या फॉर्ममध्ये घरातली किती माणसं लिहिली, याची घरी जाऊन पडताळणी त्यात नव्हती.

माणूस सुटण्याच्या वाटा अशा. फॉर्म आला नाही तर पत्ता 'अनुत्तरित' यादीत जातो आणि प्रगणक निघतो. तो सहापर्यंत फेऱ्या मारतो. पहिल्या फेरीत काही हाती लागलं नाही तर ब्यूरो प्रशासकीय नोंदी बघतं: या पत्त्यावरून आयकर भरला आहे का, कुणी मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यात आहे का. विश्वासार्ह नोंद असली तर तीच धरतात. पण ज्याच्याकडे सोशल सिक्युरिटी क्रमांकच नाही तो या नोंदींत तुरळकच सापडतो. काही फेऱ्यांनंतर शेजाऱ्याला किंवा घरमालकाला विचारायची मुभा असते. शेजारी म्हणतो, 'नवरा-बायको आणि दोन मुलं दिसतात.' मागच्या खोलीत भाड्याने राहणारे दोन भाऊ त्याला ठाऊकच नसतात. तेही जमलं नाही तर आसपासच्या घरांवरून संख्या अंदाजाने भरतात. ही पद्धत २००२ मध्ये न्यायालयाने मान्य केली आहे. प्रत्येक पायरीवर आकडा तयार होतो खरा, पण खाली उतरावं तसा तो पातळ होत जातो.

याहून वाईट वाट दुसरीच आहे. घरातली चार माणसं नागरिक किंवा ग्रीन कार्डवाली, पाचवा मामा कागदपत्रांविना. फॉर्म घरातली एकच व्यक्ती सगळ्यांच्या वतीने भरते. प्रत्येकाच्या नावापुढे नागरिकत्वाचा चौकोन दिसला की ती व्यक्ती चार नावं लिहून फॉर्म पाठवून देते. ब्यूरोच्या लेखी हा फॉर्म पूर्ण आहे. पत्ता अनुत्तरित यादीत जात नाही, त्यामुळे प्रगणक येत नाही, शेजाऱ्याला कुणी विचारत नाही आणि अंदाजाने भरायलाही जागा उरत नाही. पाचवा माणूस कायमचा सुटला. न आलेल्या फॉर्मवर काही ना काही उपाय असतो. अर्धवट भरून 'पूर्ण' म्हणून आलेला फॉर्म मात्र या यंत्रणेला दिसतच नाही.

२०२० मध्ये हा प्रश्न छापलेला नव्हता, तरी हिस्पॅनिक लोकांची मोजणी निव्वळ ४.९९ टक्क्यांनी कमी भरली. २०१० मध्ये हेच प्रमाण १.५४ टक्के होतं. याचं सगळं खापर मी नागरिकत्वाच्या वादावर फोडणार नाही, कारण त्याच वर्षी महासाथ होती आणि प्रगणकांचं काम मुदतीआधी गुंडाळलं गेलं. पण ज्या समाजाची मोजणी आधीच एवढी निसटते, तिथे आणखी एक अडसर का उभा करायचा?

कॅनडाचं म्हणाल तर २०२१ मध्ये तिथे नागरिकत्व विचारलं ते लांब फॉर्मवर, आणि तो एक चतुर्थांश घरांनाच गेला. छोट्या फॉर्मवर नव्हतं. म्हणजे कॅनडा तेच करतं जे मी इथे सुचवतोय: मोजणीचा कागद हलका ठेवा आणि माहिती नमुन्यातून घ्या. ऑस्ट्रेलिया सगळ्यांना विचारतं, हे मात्र तुमच्या बाजूचं उदाहरण.

---

निरंजन_प

घरातल्या घरात नाव गाळण्याचा मुद्दा मान्य, चाचणीत तो मोजला नव्हता. पण मग त्याच न्यायाने पुढची चाचणी घरभेटींसह घ्यावी, आणि आकडा आल्यावर ठरवावं. प्रश्नच नको हा निष्कर्ष आधीपासून का?

---

आकडेमोड

चाचणी जरूर घ्यावी. २०१८ मध्ये नेमकं तेच झालं नाही. ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्स कौंटीत त्या वर्षी झालेल्या रंगीत तालमीच्या फॉर्मवर हा प्रश्न नव्हता, आणि तो घालण्याचा निर्णय आला तेव्हा तालीम सुरू झाली होती. एखाद-दुसऱ्या प्रश्नाची शब्दरचना बदलायची तरी ब्यूरो वर्षानुवर्षं तपासतं. कम्युनिटी सर्व्हेत तपासलेला प्रश्न इथेही चालेल असं धरून चालणं मला बेपर्वाईचं वाटतं.

---

सुलेखा_र

तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी व्यवहाराच्या चार गोष्टी, कारण या चर्चेत दरवेळी चुकीची माहिती पसरते.

प्रस्तावित प्रश्न होता: ही व्यक्ती अमेरिकेची नागरिक आहे का? खाली पाच चौकोन. हो, अमेरिकेत जन्म. हो, प्वेर्तो रिको, ग्वाम, अमेरिकन व्हर्जिन बेटं किंवा नॉर्दर्न मारियानामध्ये जन्म. हो, परदेशात जन्म पण आई किंवा वडील अमेरिकन नागरिक. हो, नंतर नागरिकत्व घेतलं, आणि पुढे वर्ष लिहायचं. शेवटचा, नाही. या 'नाही'मध्ये ग्रीन कार्ड, एच-वन-बी, विद्यार्थी व्हिसा आणि कागदपत्रं नसलेले सगळे एकत्र येतात. प्रश्न कायदेशीर वास्तव्याबद्दल नाहीच. त्यामुळे 'या प्रश्नामुळे बेकायदा राहणाऱ्यांची संख्या कळेल' हा दावा फॉर्म न वाचता केलेला आहे.

फॉर्म कोणी भरायचा? १ एप्रिलला जे नेहमीच्या वास्तव्याने तिथे राहतात त्या सर्वांनी, व्हिसा कोणताही असो. एच-वन-बीवरचं कुटुंब, एच-फोरवरचा जोडीदार आणि विद्यार्थी सगळे मोजायचे. दोन-तीन महिन्यांसाठी नातवंडांकडे आलेले आई-वडील पाहुणे आहेत, त्यांना धरायचं नाही. तान्ह्या बाळाचं नाव विसरू नका. २०२० च्या पडताळणीत ० ते ४ वयाच्या मुलांची मोजणी २.७९ टक्क्यांनी कमी भरली होती आणि यात स्थलांतराचा किंवा भीतीचा संबंध असेलच असं नाही, अनेकदा लोक मुलांना लिहायचंच विसरतात.

गोपनीयतेबद्दल: टायटल १३ (अमेरिकेचा जनगणनेविषयीचा कायदा) च्या कलम ९ प्रमाणे उत्तरं फक्त संख्याशास्त्रासाठी वापरता येतात, दुसऱ्या खात्याला देता येत नाहीत, न्यायालयात उत्तर देणाऱ्याविरुद्ध वापरता येत नाहीत. माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. नावानिशी नोंदी ७२ वर्षांनी खुल्या होतात. १९५० च्या नोंदी १ एप्रिल २०२२ ला झाल्या.

तरीही लोकांच्या मनातली भीती उगाच नाही, हेही सांगायला हवं. १९४२ च्या युद्धकालीन कायद्याने ही गोपनीयता तात्पुरती उठवली होती. जपानी वंशाचे लोक कुठल्या भागात किती राहतात याची कोष्टकं ब्यूरोने लष्कराला पुरवली आणि सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबलं गेलं. १९४३ मध्ये वॉशिंग्टन शहरातल्या जपानी वंशाच्या लोकांची नावा-पत्त्यासह माहिती दिल्याचं संशोधकांनी २००७ मध्ये कागदपत्रांनिशी दाखवलं. आजचा कायदा कडक आहे, पण कायदा संसद बदलू शकते. ज्याच्या घरात एकाकडे कागद नाहीत त्याला 'घाबरू नका' म्हणताना हा इतिहास आपल्याला ठाऊक असावा.

---

मीनल_द

सर्वांचे आभार. सुलेखाताई, फॉर्मचा तपशील फार उपयोगी. तिसरा प्रश्न राहिला. आणि भारतातली जनगणना व एनपीआर (राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही) यांचा वादही असाच आहे का?

---

कलम_चौदा

तिसरा प्रश्न: १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीचं कलम २ सांगतं की जागावाटप 'प्रत्येक राज्यातल्या सर्व व्यक्तींच्या' संख्येवर. नागरिक नाही, मतदार नाही, व्यक्ती. जुलै २०२० मध्ये ट्रम्प यांनी कागदपत्रं नसलेल्यांना जागावाटपाच्या आकड्यातून वगळण्याचा आदेश काढला. १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने 'अजून वेळ आलेली नाही' म्हणून दावा निकाली काढला, मूळ प्रश्नाला हात घातला नाही. २० जानेवारी २०२१ ला बायडेन यांनी तो आदेश रद्द केला. मे २०२४ मध्ये नागरिकत्वाचा प्रश्न घालणारं आणि फक्त नागरिकांवर जागावाटप करणारं विधेयक प्रतिनिधिगृहात २०६ विरुद्ध २०२ मतांनी संमत झालं, पण त्याचा कायदा झाला नाही. माझ्या मते असा बदल साध्या कायद्याने होऊ शकत नाही, घटनादुरुस्तीच लागेल. शब्द इतका स्पष्ट आहे.

राज्याच्या आत मतदारसंघ आखणं हा मात्र वेगळा विषय, आणि खरा डाव तिथे आहे असं मला वाटतं. २०१६ च्या इव्हनवेल खटल्यात न्यायालय म्हणालं की एकूण लोकसंख्येवर मतदारसंघ आखता येतात; फक्त मतदार धरून आखता येतील का, हे खुलं ठेवलं. तसं आखायला ब्लॉकनिहाय नागरिकांचे आकडे लागतात. रिपब्लिकन पक्षासाठी मतदारसंघ आखणारे थॉमस हॉफेलर यांच्या २०१५ च्या अभ्यासात, अशी आखणी रिपब्लिकनांना आणि हिस्पॅनिकेतर गोऱ्यांना फायद्याची ठरेल, असं लिहिलेलं त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या फायलींत सापडलं.

भारताचं थोडक्यात, नाहीतर धागा भरकटेल. जनगणना १९४८ च्या जनगणना कायद्याखाली होते. त्याच्या कलम १५ नुसार नोंदी कुणाला तपासता येत नाहीत आणि पुरावा म्हणून चालत नाहीत. एनपीआर नागरिकत्व कायदा आणि २००३ च्या नियमांखाली येतं, तिथे 'स्वतः सांगितल्याप्रमाणे राष्ट्रीयत्व' असा रकाना २०१० च्या फॉर्मवर होता. कायदे दोन, संरक्षण वेगळं, पण घरोघरी जाणारी यंत्रणा एकच. २०१० मध्ये घरयादीचं आणि एनपीआरचं काम एकाच फेरीत झालं. दारात उभ्या माणसाच्या हातातला कुठला कागद कोणत्या कायद्याखाली आहे हे उत्तर देणाऱ्याला कसं कळावं? तिथला वाद या एका गोष्टीपुरता अमेरिकेसारखाच आहे.

२०३० साठी तारखा लिहून ठेवा. कायद्याने ब्यूरोला जनगणनेच्या तीन वर्षं आधी विषय आणि दोन वर्षं आधी नेमके प्रश्न संसदेला कळवावे लागतात, म्हणजे १ एप्रिल २०२७ आणि १ एप्रिल २०२८ पर्यंत. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प यांनी कागदपत्रं नसलेल्यांना न मोजणाऱ्या नव्या जनगणनेची घोषणा केली आहे, तेव्हा पहिल्या यादीत नागरिकत्व हा विषय येतो का ते बघायचं. आला तर सोबत दिलेलं कारण शब्दन् शब्द वाचा. २०१९ मध्ये प्रकरण अडकलं ते त्या कारणावरच.